नऊ वर्षांचा पीएस४: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? (जून ते ऑगस्ट २०२४)

८ जून, शनिवार

आज तिसऱ्यांदा बंद पडला, म्हणून वही काढली.

प्लेस्टेशन ४, सुरुवातीचा जाड प्रकार, सीयूएच-११ मालिकेतला, ५०० जीबी. २०१५च्या दिवाळीत बोनसमधून घेतलेला. चालू केल्यावर दहा मिनिटांत पंखा मिक्सरसारखा ओरडतो. मग पडद्यावर ‘यंत्र फार तापलंय, बंद करून थंड होऊ द्या’ असा मजकूर. थंड करून परत लावला की खेळ मध्येच गोठतो आणि सीई-३४८७८-० हा एरर येतो. त्याचा अर्थ एवढाच की खेळ कोसळला. का कोसळला ते तो सांगत नाही.

घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते, नऊ वर्षं झाली, विकून टाक. भाचा म्हणतो, मामा पीएस५ घे. तो आठवीत आहे आणि त्याचा स्वार्थ उघड आहे. बाबा काही बोलले नाहीत. पण गेली चार वर्षं हा डबा खरा वापरतात तेच. एसटीतून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी ‘क्रिकेट १९’. त्यात आपले खेळाडू आणि आपला संघ बनवता येतो. बाबांनी गावच्या जत्रेत खेळायचा तो संघ बनवलाय. पोस्टमन ओपनिंगला, न्हावी विकेटकीपर, पीठगिरणीवाला डावखुरा फिरकी. मिशांसकट. त्या अकरांपैकी चौघे आता नाहीत.

दुपारी फोन फिरवून भाव काढले. नवा पीएस५ डिस्कवाला ५४,९९०, बिनडिस्कचा डिजिटल ४४,९९०. पीएस४चे जवळजवळ सगळे खेळ पीएस५वर चालतात, त्यामुळे भाच्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही. पण आमच्याकडे चौदा डिस्क आहेत, म्हणजे डिजिटल बाद. जुना पीएस४ स्लिम दुकानातून सेकंडहँड घेतला तर १४,००० आणि एक महिन्याची तोंडी गॅरंटी.

दुरुस्तीला मर्यादा घातली: ६,०००. त्यापुढे गेलं की थांबायचं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली सही केली, कारण मी स्वतःला ओळखतो.

९ जून, रविवार

पहिली चूक पहिल्याच दिवशी. सोसायटीच्या वॉचमनकडून झाडलोटीचा ब्लोअर आणला आणि मागच्या जाळीतून जोरात हवा मारली. धुळीचा लोट निघाला, फार बरं वाटलं. संध्याकाळी लावला तर पाच मिनिटांत तापला. म्हणजे आधीपेक्षा वाईट. बाहेर आली ती सुटी धूळ. पंख्याच्या कडेला बसलेला नमद्यासारखा थर हवेने आणखी आत ढकलला गेला. शिवाय हवेने पंखा भन्नाट फिरत होता, तो तसा फिरू देऊ नये. पाती बोटाने किंवा काडीने अडवून मगच हवा मारायची. हे मला नंतर कळलं.

रात्री न्यूयॉर्कला भारत-पाकिस्तान. ११९ वर ऑल आउट झाल्यावर बाबा झोपायला गेले. सहा धावांनी जिंकल्याचं त्यांना सकाळी सांगितलं, तर म्हणाले, मला माहीत होतं.

१० जून

आता चालूच होत नाही. निळा दिवा मंद-तेज, मंद-तेज होत राहतो, पांढरा होत नाही, पडदा काळा.

सेफ मोडमध्ये (दुरुस्तीचा मेन्यू दाखवणाऱ्या) जायला चालू करायचं बटण दुसरा बीप ऐकू येईपर्यंत दाबून ठेवायचं, साधारण सात सेकंद. पडदा आला! पण तो म्हणतो कंट्रोलर केबलने जोडा. जोडला, काही नाही. पाऊण तास गेला तेव्हा लक्षात आलं की ती केबल नुसती चार्जिंगची आहे, डेटा तिच्यातून जातच नाही. मोबाइलची दुसरी केबल लावताच चाललं.

मग मोठी चूक. पाचवा पर्याय, ‘रीबिल्ड डेटाबेस’ (डिस्कवरच्या नोंदी नव्याने लावणारा), निरुपद्रवी समजतात म्हणून दाबला. रात्री साडेनऊला सुरू केला, सकाळी साडेसहाला पट्टी होती तिथेच. हार्डडिस्क मरायला टेकली असेल तर हा पर्याय तिला रात्रभर पळवतो. शंका असेल तर आधी डिस्क तपासा, मग बाकीचं. माझं उलट झालं.

१२ जून

ऑफिसमधून येताना दोन दुकानं केली. पहिल्याने डबा न उघडता सांगितलं, बोर्ड गेलाय, चिप रिबॉल करावी लागेल (म्हणजे उचलून नव्या सोल्डरने परत बसवावी लागेल), साडेसात हजार, वॉरंटी नाही. बघण्याचे तीनशे घेतले. दुसरा म्हणाला, मीच तीन हजारात घेतो. जो डबा भंगार आहे त्याचे तीन हजार का देतो, असं विचारल्यावर तो हसला. त्या हसण्यामुळे डबा घरी परत आणला.

१५ जून, शनिवार

या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी पाच मिनिटं आजची, आणि खर्च शून्य.

जाड पीएस४च्या वरच्या भागाचा चकचकीत तुकडा बाजूला सरकवला की निघतो. खाली हार्डडिस्कचा खण, एक स्क्रू. डिस्क बाहेर काढली आणि डिस्कशिवाय डबा चालू केला. पडद्यावर स्वच्छ मजकूर आला: सिस्टम स्टोरेज सापडत नाही, सीई-३४३३५-८. हा एरर बघून मी टाळी वाजवली, बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. कारण एरर लिहायला बोर्ड जिवंत लागतो, चित्र दाखवायला ग्राफिक्स लागतं, टीव्हीपर्यंत यायला एचडीएमआय लागतं. तिन्ही धड. साडेसात हजारांचं रिबॉल ज्या चिपसाठी होतं ती मला एरर वाचून दाखवत होती.

निळ्या दिव्यामागे डिस्क, पॉवर सप्लाय, बोर्ड, एचडीएमआय यांतलं काहीही असू शकतं. दुकानदार महागापासून सुरू करतो; आपण फुकटापासून करावं.

डिस्क यूएसबी-साटा केबलने (३५०) लॅपटॉपला लावली. विंडोज लगेच विचारतं, ‘फॉरमॅट करू का?’ पीएस४ची डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक लिपीत कुलूपबंद, असते, विंडोजला ती कोरी वाटते. ‘हो’वर बोट गेलं होतं. ‘नाही’ म्हणा आणि स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते) आकडे दाखवणारं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर लावा. माझ्या डिस्कवर वाचता न आल्याने राहिलेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) दोनशेच्या वर. निदान झालं: डिस्क मरतेय, आणि तापण्याचं दुखणं वेगळं आहे. दोन रोग एकदम आले, म्हणून एक औषध लागू पडत नव्हतं.

आता प्रश्न बाबांच्या संघाचा. मी पीएसएनवर (प्लेस्टेशनच्या ऑनलाइन सेवेवर) आहे, पण बाबांचा युजर नुसता घरगुती, कुठल्याही खात्याला न जोडलेला. म्हणजे क्लाउडवर काही नाही, पेनड्राइव्हवर काही नाही. सगळा संघ या खडखडणाऱ्या डिस्कवर. नवीन डिस्क टाकून सिस्टम परत भरणं एका संध्याकाळचं काम होतं, डबा ठणठणीत झाला असता आणि पोस्टमन, न्हावी, गिरणीवाला सगळे पुसले गेले असते. पीएस५ घेतला असता तरी तेच.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, असू दे, परत बनवीन. मग थोड्या वेळाने म्हणाले, गिरणीवाल्याचा चेहरा जमायला आठ दिवस लागले होते.

१६ जून

तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) रविवारी काही मिळणार नाही म्हणून एसएसडी, म्हणजे न फिरणारी नव्या प्रकारची डिस्क, ऑनलाइन मागवली. ४८० जीबी, २,९००. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर घ्यायची असा बेत. डिस्क त्याच डब्यात परत जाणार असेल तर एन्क्रिप्शन आड येत नाही, सेक्टरला सेक्टर नक्कल चालते.

१८ जून

चूक, आणि बावळट चूक. ५०० जीबीची नक्कल ४८० जीबीवर मावत नाही. वापरलेली जागा ३०० असली तरी फरक पडत नाही, कारण लॅपटॉपला आत काय आहे ते दिसतच नाही. त्याला शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं उचलावं लागतं. पाकीट फोडलं होतं, परत घेईनात. आज ५०० जीबीची दुसरी, ३,४००. मर्यादा ओलांडली आणि अजून डबा उघडलाही नाही.

२० ते २२ जून

लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची नक्कल काढणारं सॉफ्टवेअर) लावलं. दुसरी यूएसबी-साटा केबल ऑफिसातल्या मित्राकडून उसनी. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं तेवढंच घ्यायला सांगायचं आणि अडेल तिथून पुढे उडी मारायला सांगायची. अडलेल्या जागांवर नंतरच्या फेऱ्यांत परत यायचं. उलट केलं तर डिस्क एकाच खड्ड्यावर डोकं आपटून मरते. नोंदीची फाइल नक्की ठेवायची, म्हणजे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे जातं. २१ला संध्याकाळी वळवासारखा पाऊस झाला, वीज दोन तास गेली. दोन्ही डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर होत्या म्हणून वाचलो.

पहिली फेरी पाच तास. उरलेल्या चिंध्या गोळा करायला सव्वीस तास. डिस्क उभी, तिच्यावर छोटा टेबलफॅन. शेवटी जे वाचलंच नाही ते तीन एमबीपेक्षा कमी.

२३ जून, रविवार

नवी एसएसडी खणात बसवली. पांढरा दिवा. मेन्यू आला, युजरमध्ये बाबा. ‘क्रिकेट १९’ मात्र दोन मिनिटांत कोसळला, त्या तीन एमबीतलं काहीतरी त्याचं असणार. खेळ काढून टाकला (खेळ काढला तरी सेव्ह राहतो, वेगळा असतो, तरी माझा हात थरथरला), डिस्कवरून परत भरला, अपडेट उतरवला. संघ आहे. अकराच्या अकरा.

लगेच दुसरं काम. बाबांच्या युजरमधून सेव्ह पेनड्राइव्हवर जाईना. खातं जोडल्याशिवाय नाही म्हणतो. मग बाबांचा ईमेल, पीएसएन खातं, पासवर्ड. ‘मला कशाला ईमेल’ पासून ‘पासवर्डमध्ये गावाचं नाव चालेल का’ इथपर्यंत एक तास. जोडल्यावर कॉपी झाली. दोन पेनड्राइव्हवर घेतली, एक देवघराच्या खणात. हे काम डबा धड असताना करायचं असतं. दहा मिनिटांचं आहे. उद्या पीएस५ घेतला तरी त्याच खात्याने तो सेव्ह तिथे नेता येतो.

इथे ‘दुरुस्ती की नवा’ हा प्रश्न पहिल्यांदा खरा झाला. आजपर्यंत नवा घेण्याची किंमत ५४,९९० अधिक अकरा माणसं अशी होती. आता नुसते ५४,९९०.

३० जून

काल रात्री विश्वचषक जिंकला, गल्लीत दोन वाजेपर्यंत फटाके. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे पोचवणारा लेप) आणायला बाहेर पडलो आणि अर्ध्या रस्त्यात आठवलं, आज दोन्ही पालख्या पुण्यात. पेठांतले रस्ते बंद. अलका चौकापासून माघारी. दर्शनही नाही, पेस्टही नाही.

४ जुलै

तपकीर गल्ली, एकाच फेरीत: मधे भोक असलेला टी-८ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर १८० (साधा टी-८ चालत नाही, स्क्रूच्या मधोमध खुंटी असते), पेस्ट ४५०, आयसोप्रोपिल अल्कोहोल १५०, थर्मल पॅड (तेच काम करणारी मऊ पट्टी) ३००, बोर्डावरच्या घड्याळाचा सीआर२०३२ सेल ४०.

६ जुलै, शनिवार

उघडला. मागे चार स्क्रू, त्यातले काही वॉरंटीच्या स्टिकरखाली. खालचं कवच निघालं की पॉवर सप्लायचा डबा दिसतो. वीज काढून अर्धा तास थांबलो, मग तो डबा सरळ वर उचलला. तो डबा स्वतः उघडायचा नाही, आत कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात. त्याच्याखाली हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), आणि गुन्हेगार तिथे: पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये राखाडी पट्टी, जाड सतरंजीच्या कडेसारखी. चिमट्याने अख्खी एका तुकड्यात निघाली. नऊ वर्षांची धूळ, मांजर नसताना मांजराचे केस, आणि उदबत्तीचा वास. टीव्ही देवघराशेजारी आहे.

इथे थांबायला हवं होतं. पंखा साफ करायला एवढंच पुरतं. पण पेस्ट आणली होती. बोर्ड बाहेर काढला, चिपवरची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी. पुसली, नवी लावली. बोर्ड उचलताना मेमरी चिपांवरचे पॅड फाटले. जुना तुकडा मोजला, सुमारे ०.७ मिमी, मग आणलेले ०.५चे बसतील असं मानलं आणि लावले.

रात्री खेळ वीस मिनिटं शांत, मग पडदा गोठला.

७ जुलै

कारण रात्री झोपेत सुचलं. नऊ वर्षं दाबलेला पॅड मोजला, तो मूळचा तेवढा जाड कसा असेल? ०.५चा पॅड चिप आणि पत्र्याच्या मध्ये नुसता पडून होता, टेकतच नव्हता. १ मिमीचे आणले, ३५०. परत सगळं उघडलं. दुसरी गोष्ट तेव्हाच दिसली: चिपमागच्या क्लॅम्पचे दोन स्क्रू मी एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला होता, त्यामुळे पेस्ट एका बाजूला सरकलेली. पुसून परत लावली, दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा.

पहिल्यांदा उघडायला साडेचार तास लागले होते. आज पन्नास मिनिटं.

रात्री तीन तास चालवला. पंख्याचा आवाज टीव्हीच्या आवाजाखाली. बाबा म्हणाले, चालू आहे ना?

१४ जुलै

नवीन भानगड. मध्यरात्री बीप-बीप-बीप. डिस्क नसताना डबा ती बाहेर काढायला धडपडतोय. या मालिकेतली इजेक्टची जागा स्पर्शाची आहे, दाबायचं बटण नाही, आणि तिच्याखालचा रबरी पाय फुगला की तिथल्या पट्टीवर दाब येतो. पावसाळी दमट हवेत जास्त, असं दिसतंय. मी घाईत खालचं कवचही जरा वाकडं बसवलं असणार. तो पाय काढून टाकला, डबा पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांवर ठेवला. बीप बंद. खर्च नाही, पण बायकोची झोपमोड हिशोबात धरावी असं तिचं म्हणणं.

२५ जुलै

काही केलं नाही. धरणाचं पाणी सोडलं, एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, आमच्याकडे दिवसभर वीज नाही. वीज आली तेव्हा डबा मुद्दाम प्लगमधून काढून ठेवला. वीज चार वेळा आली-गेली.

४ ऑगस्ट, रविवार

चार आठवडे जवळजवळ रोज दोन-अडीच तास चालतोय, एकदाही तापला नाही, एकदाही कोसळला नाही.

खर्च: दुकानात बघण्याचे ३००, केबल ३५०, चुकीची एसएसडी २,९००, बरोबर एसएसडी ३,४००, स्क्रूड्रायव्हर १८०, पेस्ट ४५०, अल्कोहोल १५०, पातळ पॅड ३००, जाड पॅड ३५०, सेल ४०. एकूण ८,४२०. चुकीची एसएसडी बहिणीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातली, ती वजा केली तर ५,५२० आणि मर्यादा पाळली. बायकोने ती वजा करू दिलेली नाही. मला विचाराल तर आता हेच काम पाच हजारांच्या आत होईल, आणि पाच हजारांत होत असेल तर करावं. बोर्डच गेला असता, म्हणजे १५ जूनला तो एरर दिसलाच नसता, तर मी बाबांचा सेव्ह सोडून दिला असता आणि सेकंडहँड स्लिम घेतला असता. भाचा आवाज शांत झाल्यावर दुःखी दिसला. त्याचा पीएस५ लांबला.

वेळ: सहा शनिवार-रविवार आणि पाच-सहा रात्री. याचा हिशोब केला नाही.

राहिलेलं काम एक. ‘क्रिकेट १९’ची डिस्क कधी कधी पहिल्या खेपेला वाचत नाही, दुसऱ्यांदा घालावी लागते. लेन्स थकली असावी. दुसऱ्या पीएस४चा अख्खा ड्राइव्ह उचलून बसवता येत नाही, ड्राइव्हचं छोटं बोर्ड मूळ बोर्डाशी बांधलेलं असतं. आपलं बोर्ड ठेवून नुसती लेन्स बदलावी लागते. लेन्सचा भाव काढलाय. बाबांना विचारलं, बदलू का? ते म्हणाले, चालतंय तोवर हात लावू नकोस.

स्क्रूड्रायव्हर टीव्हीखालच्या खणात ठेवलाय.